वाचकांचे प्रश्न : उचललेला लोडर जागेवर का थांबत नाही?

प्रश्न : माझ्या जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरची बकेट भरून उचलली आणि लिव्हर मधल्या जागी सोडला, की ती काही मिनिटांत हळूहळू खाली येते. दोन्ही लिफ्ट सिलिंडरचे सील बदलले, तरी फरक पडला नाही. शिवाय काही वेळ काम करून तेल तापले, की उचलण्याची ताकद स्पष्टपणे कमी होते. मेकॅनिक पंप बदलायला सांगतो आहे. बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. आपण दोन वेगळे दोष सांगितले आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच असेल असे धरून चालता येणार नाही. लिव्हर मधल्या जागी असताना पंपाचा सिलिंडरशी संबंध तुटलेला असतो, त्यामुळे नवा पंप बसवूनही बकेटचे खाली येणे थांबणार नाही.

लोडर खाली बसू लागला की बहुतेक जण आधी सिलिंडर उघडतात. पिस्टनचे सील खराब झाले, तर तेल पिस्टनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. सिलिंडरबाहेर पडत नाही. मात्र रॉड आत शिरायचा असेल, तर त्याने व्यापलेल्या जागेइतके तेल बाहेर गेलेच पाहिजे, आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल तर ती वाट बहुधा कंट्रोल व्हॉल्व्हच्या झिजलेल्या स्पूलमधूनच (लिव्हरने सरकणाऱ्या, तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या दांड्यातूनच) जाते. सील निर्दोष असले तरी स्पूल झिजलेला असल्यास लोडर बसतो. आपल्याकडे तसेच झालेले दिसते. खराब सील त्यात भर घालते, हेही खरे. समजा, सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 60 मिलिमीटर आणि रॉड 35 मिलिमीटर जाडीचा आहे. सील पूर्ण निकामी झाल्यावर पिस्टनच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, सारे ओझे केवळ रॉडच्या क्षेत्रफळावर येते आणि आतला दाब जवळजवळ तिप्पट होतो. तेवढ्या दाबाने तेल स्पूलच्या फटीतून अधिक वेगाने निसटते.

खात्री करण्यासाठी लोडर जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून उरलेला दाब काढून टाकावा. मग दोन्ही सिलिंडरच्या तळाकडे जाणाऱ्या सामाईक पाइपात, टी-जोडाच्या अलीकडे, यंत्रणेचा पूर्ण दाब सहन करणारा बॉल व्हॉल्व्ह तात्पुरता बसवावा. बकेट जमिनीपासून थोडीच उचलून तो बंद करावा. बसणे थांबले तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हचा. पूर्वीसारखेच चालू राहिले तर तेल पिस्टनला ओलांडून जात आहे, म्हणजे नव्या सीलची बसवणी किंवा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे ओरखडे तपासायला हवेत. स्पूल हा कंट्रोल व्हॉल्व्हच्या बॉडीत घासूनच जुळवलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या ओ-रिंग बदलून ही आतली गळती थांबत नाही.

आता ताकदीविषयी. आधी लोडर खाली असताना तेलाची पातळी पाहावी, सक्शनची गाळणी साफ करावी, आणि तेल दुधाळ किंवा फेसाळ दिसते का हे बघावे. दुधाळ असेल तर त्यात पाणी, फेसाळ असेल तर हवा. त्यानंतर प्रेशर गेज जोडून तेल पुरते तापल्यावर बकेट पूर्ण मागे वळवून लिव्हर तीन-चार सेकंदच धरून ठेवावा. कमी आरपीएमला दाब कमी आणि जास्त आरपीएमला वाढत असेल, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून किंवा व्हॉल्व्हमधून मागे निसटते आहे. आरपीएम कितीही वाढवला तरी काटा एकाच कमी आकड्यावर अडकत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्हची (ठरलेल्या दाबापलीकडे तेल टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) स्प्रिंग थकली आहे किंवा त्याच्या बैठकीत, म्हणजे तो बंद होताना जिथे टेकतो त्या जागी, कचरा आहे. रिलीफ व्हॉल्व्ह गेजशिवाय अंदाजाने कधीही आवळू नये, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबापलीकडे तर नाहीच. पंप बदलण्याचा निर्णय या चाचणीनंतर घ्यावा.

प्रश्न : वर उचलण्यासाठी लिव्हर ओढताच बकेट आधी किंचित खाली जाते आणि मग वर येते. असे का होते?

उत्तर : लिव्हर ओढल्यावर पंपाचा दाब ओझ्याइतका वाढण्यापूर्वीच सिलिंडरची वाट खुली होते. त्या क्षणी तेल मागे येऊ नये म्हणून कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये लोड चेक व्हॉल्व्ह असतो. त्याच्या बैठकीवर कचरा अडकला किंवा स्प्रिंग तुटली, की हा झोका जाणवतो. तो भाग काढून धुवावा आणि बैठकीवर खड्डे पडले असतील तर बदलावा.

प्रश्न : होज पाइपातून तेलाचा बारीक फवारा येतो आहे, पण नेमके कुठून ते दिसत नाही. पाइपावरून हात फिरवून शोधता येईल का?

उत्तर : मुळीच नाही, हातमोजा घालूनही नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडी भेदून आत शिरू शकते. बाहेर केवळ टोचल्याचा ठिपका दिसतो, आत मात्र ऊती मरू लागतात आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. त्यामुळे असे झाल्यास वेदना नसली तरी थेट रुग्णालयात जावे. शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पाइपापासून थोडा दूर धरून फिरवावा आणि त्यावर ओला डाग कुठे उमटतो ते पाहावे. असा पाइप चिकटपट्टी किंवा क्लॅम्प लावून चालवू नये. दाब काढून तो बदलावा.