जुने सिनेमे बघायला नुकतीच सुरुवात करताय?

'महान शंभर'ची यादी घेऊन बसू नका, तिसऱ्या सिनेमालाच कंटाळाल. सध्या एवढंच करा:

१. 'बेन-हर' (१९५९) भव्य आहे, ११ ऑस्कर मिळालेत, पण साडेतीन तासांचा आहे. तो नंतर. आधी प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) बघा. त्यात चमत्कार आहेतच, पण मला खरी भावते ती तुकोबांची बायको. नवऱ्याच्या भक्तीपायी घर चालवताना मेटाकुटीला आलेली, तोंडाने फटकळ. देव न मानणाऱ्यालाही तिचं म्हणणं पटतं. समोरच्या बाजूला असं बोलू देणारा धार्मिक सिनेमा प्रवचन होत नाही.

२. ऐतिहासिक सिनेमा आधी बघा, पुस्तक मग उघडा. उलट केलंत तर चुकाच मोजत बसाल. (पोशाखांवरून वाद घालणारे भरपूर भेटतील, सोडून द्या.) पण सिनेमालाच इतिहास समजू नका.

मूकपट पहिली वीस मिनिटं संथ वाटतो. मोबाइल लांब ठेवा आणि तेवढी कळ काढा. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरचा, जोन ऑफ आर्क या जिवंत जाळल्या गेलेल्या फ्रेंच वीरांगनेवरचा १९२८चा मूकपट तिच्या खटल्याच्या नोंदींवर बेतलेला आहे आणि बराचसा चेहऱ्यांवरच चालतो.

छायांकन, संकलन, वेगवेगळ्या आवृत्त्या वगैरेंच्या नादी इतक्यात लागू नका.