पूर्वग्रह, आणि मग पारधी

पूर्वग्रह की पूर्वाग्रह, असं विचारलंय. मराठीत पूर्वग्रह. पूर्वाग्रह हिंदीतला, तिथे तो बरोबरच आहे, आपल्याकडे चॅनेलवाल्यांनी आणला आणि आता 'पूर्वाग्रहदूषित' ऐकून ऐकून कान किटले. "वाईट ग्रह करून घेऊ नका" म्हणतो ना आपण, तोच हा ग्रह. आग्रह पंगतीत जिलबीचा करतात.

पण विचारणाऱ्याने उदाहरण दिलंय 'पारधी समाजाबद्दलचे पूर्वाग्रह', आणि खरी मजा त्या पारधी शब्दात आहे. पारध म्हणजे शिकार, फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर धरणारे, हे माहितीचंच आहे. संस्कृतात शिकारीला एक शब्द आहे, पापर्द्धि. फोडून बघा, पाप अधिक ऋद्धि. पापाची भरभराट! त्यातूनच प्राकृत पारद्धि आणि मग आपली पारध, असं व्युत्पत्तीवाले बिनधास्त सांगतात. मला अजिबात पटत नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्याला 'पापाची भरभराट' असं नाव कुठला शिकारी देईल हो? माझं म्हणणं उलटं आहे, रानातल्या लोकांचा पारद्धि आधीचा, आणि कुणातरी अहिंसावाल्या पंडिताने त्याला संस्कृतचा सदरा शिवताना आत हळूच पापाचं अस्तर लावलं. मृगया म्हणजेही शिकारच, पण ते म्हणताना बघा, कुणाला पाप आठवत नाही.

म्हणजे इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे फासेपारध्यांनाही त्यात घातलं, जन्माला आलं पोर की गुन्हेगार, मोठ्यांनी रोज हजेरी द्यायची, तेव्हा शिक्का त्यांचा नवा होता पण शाई इथलीच होती. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. कायदा १९५२ ला गेला, नाव मिळालं विमुक्त. विमुक्त म्हणजे सुटलेला, आता कशातून सुटला असं कुणी विचारलं की सगळी जुनी कहाणी परत सांगा! आणि गावात कोंबडी जरी हरवली तरी लोक आधी माळावरच्या पालांकडे बघतात, मग स्वतःच्या खुराड्यात.

हां, तर तुमचा प्रश्न. व ला काना नाही.