ताण कोणता, ते आधी ठरवा

ताई, गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात चार वर्षे कंत्राटी परिचारिका म्हणून काढल्यावर कामात मन लागत नाही, इंग्लंडमध्ये ताण कमी असेल तर परीक्षा देऊन निघावे असा विचार आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मीही चंद्रपूरकडच्या अशाच एका रुग्णालयातून इकडे आले. ताण कमी होत नाही, त्याची जात बदलते, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

रोवणीच्या दिवसांत रात्रपाळीला मी एकटी असे. मण्यार चावलेल्या माणसाला प्रतिविष सुरू करून त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे, तोच प्रसूतिकक्षातून हाक येई, आणि सकाळी इन्चार्ज सिस्टर विचारत ते रजिस्टर अपुरे का राहिले एवढेच. थकव्याची सवय होते. मला खटकले ते हे की मी नातेवाइकांवर खेकसू लागले होते आणि एका रात्री एका रुग्णाचे इंजेक्शन द्यायचे राहून गेले. तो मी माझाच निष्काळजीपणा मानला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी तीन लक्षणे सांगितली, म्हणजे शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा येणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे, ती वाचली तेव्हा ते दिवस आठवले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या रुग्णालयांवरील २००२ च्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे परिचारिकेचा ताण रुग्णालाही भोवतो.

इकडे आठवड्याला साडेसदतीस तासांचे काम, बहुतेकदा बारा-बारा तासांच्या पाळ्यांत. आपल्याकडे रुग्णाला भरवणे, पुसणे, बेडपॅन देणे हे नातेवाईक करतात. इथे ते सारे आपण आणि मदतनीसांनी करायचे असते, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला तर तसे तोंडावर सांगणे हे परिचारिकेचे कर्तव्य धरले जाते. ते जमायला मला सहा महिने लागले, पण नोकरीतले समाधान मला त्यातूनच मिळाले, पगारातून तितके नाही. फोनवरचे उच्चार कळत नसल्याने मात्र पहिल्या हिवाळ्यात रोज खोलीवर येऊन रडत असे, आणि आई म्हणे, "आता तरी सुखात आहेस ना?"

तुम्हाला कंत्राटाची अनिश्चितता खात असेल तर इथे यावे. एकटीने निर्णय घेण्याचीच धास्ती असेल, तर ती इथे वाढेल. मुलाखतीत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: वरिष्ठांच्या देखरेखीखाली किती आठवडे ठेवणार, आणि त्या वॉर्डात रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात. दिवसा आठांहून अधिक झाले तर धोका वाढतो असे इथलीच मार्गदर्शक सूचना सांगते. मी हे विचारले नव्हते. पहिल्या स्वतंत्र रात्री माझ्याकडे अकरा रुग्ण होते.