सामायिक नव्हे, पाळी

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी लष्कराच्या दळणवळण उपग्रहांवरील मजकुराचं भाषांतर करताना ‘डामा’ला, म्हणजे ‘डिमांड असाइन्ड मल्टिपल अ‍ॅक्सेस’ला, ‘क्षमता सामायिक करण्याची पद्धत’ म्हणावं का?

अजिबात नाही. हल्ली फोटोही ‘सामायिक करतात’ आणि दुःखही. मराठीत विहीर सामाईक असते, भिंत असते, बांध असतो. हा शब्द मालकी सांगतो. त्याला ‘करणे’ जोडून क्रियापद बनवणं मला कानाला टोचतं.

आणि डामात मालकीचा प्रश्नच नाही. पूर्वी एक चॅनेल एका गटाला बांधून दिलेला असे, मग तिथे कोणी बोलो न बोलो. अमेरिकी नौदलाच्या ‘यूएफओ’ (यूएचएफ फॉलो-ऑन) या दळणवळण उपग्रहांच्या मालिकेतल्या एका उपग्रहावर 25 किलोहर्ट्झचे 17 आणि 5 किलोहर्ट्झचे 21 चॅनेल. जहाजं, पाणबुड्या, विमानं, पायदळ एवढ्यांना ते कसे पुरणार? म्हणून 25 किलोहर्ट्झच्या चॅनेलवर वेळेचे 1.3866 सेकंदांचे तुकडे पाडले, तुकड्यांत कप्पे केले. जो मागेल त्याला नियंत्रण केंद्र कप्पा देतं. निकड मोठी असेल तर आधीच्याला उठवतंही.

ही तर आपली शेजपाळी! कालव्याच्या पाण्यासाठी शेतकरी आधी अर्ज करतो, मग चारीवर एकामागून एक शेताला पाणी मिळतं, शेवटच्या शेतापासून वर.

आता ‘पाळी’ पाहा. बाकीचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. संस्कृत ‘पालि’ म्हणजे कड आणि ओळ. कानाची पाळी तीच (कर्णपालि), तळ्याची पाळही तीच. ओळीतली जागा म्हणजे क्रम, आणि क्रम म्हणजे पाळी. कानाची कड आणि पाण्याचा क्रम एकाच शब्दात! ‘नियम पाळायचा म्हणून पाळी’ असं सांगणारे कोशप्रेमी भेटतात. त्यांनी ‘कानाची पाळी’ कोणत्या नियमाने लोंबते ते सांगावं. माझं तर ठाम मत आहे की ‘कड’पासून ‘क्रम’पर्यंतचा हा प्रवास बांधाबांधाने फिरणाऱ्या पाण्यामुळेच मराठीत इतका घट्ट रुजला.

तेव्हा ‘मागणीपाळी’ लिहा. फक्त 2012पासून सोडलेल्या ‘म्यूओस’ या दळणवळण उपग्रहांवरच्या नव्या यंत्रणेला तो शब्द लावू नका. तिथे मोबाइलच्या तंत्राने सगळे एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्या संकेतावरून (कोडवरून) वेगळा काढला जातो. तिथे पाळी नाही.