बी.एस्सी.च्या सुट्टीत संशोधन करायला खरंच पैसे मिळतात का?

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी बडोद्यात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ७१ टक्के आहेत. आम्ही एससी, बाबा रिक्षा चालवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मंगळबाजारात कापडाच्या दुकानात काम करते, महिन्याला सात हजार मिळतात. मैत्रीण म्हणते, सुट्टीत मोठ्या संस्थांमध्ये संशोधन करायला बोलावतात आणि वर पैसेही देतात. हे खरं आहे का? माझ्यासारखीनं अर्ज करावा का?"

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? मीही याच गावची. प्रतापनगरला वाढले, शिकले केमिस्ट्रीच, आणि तुझ्यासारखाच हिशेब मांडत बसले होते की दोन महिने बाहेर गेले तर घरात येणारे पैसे बुडतील, त्याचं काय.

मैत्रीण खरं सांगते. पैसे मिळतात. आणि तू अर्ज कर, नक्की कर. पण तुला कोणी सांगणार नाही अशी एक गोष्ट आधी सांगते. आपल्यासारख्या मुली या योजनांमधून गळतात त्या बहुतेक वेळा मार्कांमुळे नाही. त्या गळतात तारीख कळली नाही म्हणून, सरांचं पत्र मिळालं नाही म्हणून, आणि सगळ्यात जास्त, तिथे जाऊन राहायचं कुठे आणि पहिल्या महिन्याचा खर्च कोण करणार, याचं उत्तर नव्हतं म्हणून.

आधी तारखा, कारण त्या हातच्या गेल्या तर पुढचं सगळं फुकट. मे महिन्यातल्या कामासाठी अर्ज कित्येक महिने आधी भरायचा असतो. देशात तीन विज्ञान अकादमी आहेत, बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी. तिघी मिळून दरवर्षी समर रिसर्च फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायचं, महिन्याला विद्यावेतन आणि जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं मिळतं. बंगळुरूला जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटर या संशोधन संस्थेची वेगळी उन्हाळी फेलोशिप आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, व्हीएसआरपी नावाचा उन्हाळी कार्यक्रम आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे, तो तर खास पदवीच्या मुलांसाठीच आहे आणि केमिस्ट्रीची वेगळी शाखा आहे त्यात. आपल्या गुजरातेत आयआयटी गांधीनगरची उन्हाळी इंटर्नशिप आहे, तिथे विद्यावेतन आठवड्याच्या हिशेबानं देतात. रकमा आणि पात्रता बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात मूळ साइटवरच वाच, कोणी फॉरवर्ड केलेला फोटो बघून ठरवू नकोस.

बारावीच्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलेल्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असते, वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच. तुला ती मिळत असती तर तू हा प्रश्न विचारला नसतास, तेव्हा ते सोडून देऊ.

अजून एक गोष्ट सोडून दे. नेटवर शोधशील तर 'अंडररिप्रेझेंटेड', म्हणजे विज्ञानात कमी दिसणाऱ्या गटांतल्या, विद्यार्थ्यांसाठी म्हणून अमेरिकेतल्या ढीगभर योजना दिसतील. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेची आरईयू ही पदवीच्या मुलांना संशोधन करू देणारी योजना १९८७ पासून आहे आणि फार चांगली आहे. मुलांना विद्यावेतन मिळतं, राहायची सोय आणि प्रवासखर्चही बहुतेक ठिकाणी मिळतो. पण त्या पैशावर फक्त अमेरिकी नागरिक किंवा तिथले कायमचे रहिवासी जाऊ शकतात. मी एक अख्खी रात्र त्यातला एक फॉर्म भरण्यात घालवली होती, शेवटच्या पानावर नागरिकत्वाचा प्रश्न आला. तुझी रात्र वाचावी म्हणून सांगते. आणि आपल्याकडच्या योजनांमध्ये कॉलेजच्या प्रवेशासारख्या राखीव जागा सगळीकडे असतीलच असं धरून चालू नकोस. जिथे सवलत असते तिथे ती जाहिरातीत लिहिलेली असते, तिथे प्रमाणपत्र जोड. नसेल तिथेही अर्ज कर.

आता राहण्याचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे.

तू कमाटीबागेत शंभरदा गेली असशील. बाबासाहेबांना सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करारही लिहून घेतला. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले, आणि १९१७ मध्ये करारापायी बडोद्याला आले. तेव्हा या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं, आणि ते कमाटीबागेत जाऊन बसले. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे. आपण दरवर्षी तिथे डोकं टेकवून येतो, पण मला त्या जागी दरवेळी एकच गोष्ट आठवते. परदेशी शिकवायला पैसे होते, पगाराची नोकरीही होती. खोली नव्हती.

माझंही थोड्या प्रमाणात तेच झालं. मला ज्या संस्थेत बोलावलं, तिचं नाव घेत नाही, तिथल्या पत्रात विद्यावेतनाचा आकडा ठळक होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, निवासाची व्यवस्था उमेदवारानं स्वतः करावी. मी ती ओळ वाचलीच नाही. आईनं उसने काढलेले चार हजार घेऊन अहिंसा एक्सप्रेसनं निघाले. पहिल्या घरी मावशी फार प्रेमळ होत्या, चहा दिला, खोली दाखवली, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो का, मग ह्यांना विचारून सांगते." फोन आला नाही. दुसऱ्या घरी विचारलं, "म्हणजे कोण तुम्ही?" तिसऱ्या घरी मी स्वतःच दारातून परत फिरले. चार दिवस वडिलांच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघरात झोपत होते, आणि दोन बस बदलून लॅबला जात होते. पाचव्या दिवशी लॅबमधल्या एका पीएच.डी. करणाऱ्या ताईनं विचारलं, "तू रोज अर्धा तास उशिरा का येतेस गं?" तेव्हा मी रडले. तिनं त्याच दुपारी मॅडमना सांगितलं, मॅडमनी वॉर्डनला दोन ओळी लिहिल्या, आणि संध्याकाळी मला मुलींच्या वसतिगृहात कॉट मिळाली. दोन ओळींचं काम होतं. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून निवडीचा मेल आला की "थँक यू" लिहायच्या आधी हे विचार: मुलींच्या वसतिगृहात जागा मिळेल का, डिपॉझिट किती, मेसचे पैसे आधी भरायचे की महिन्याच्या शेवटी, आणि विद्यावेतन कधी जमा होतं. लाजू नकोस. माझं विद्यावेतन घरी परत आल्यावर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आलं, तोवर आई रोज सकाळी विचारायची. ज्यांच्या घरी दहा हजार रुपये असेच पडलेले असतात त्यांना याचा त्रास होत नाही. आपल्याला होतो. मेलमध्ये सरळ लिही की आगाऊ काही रक्कम मिळू शकेल का किंवा डिपॉझिट विद्यावेतनातून कापून घेता येईल का. मी आता ज्या लॅबमध्ये आहे तिथे उन्हाळ्यात मुलं येतात, आणि असं विचारणाऱ्या मुलीबद्दल कोणाचंही मत वाईट झालेलं मी पाहिलं नाही.

तुझा हिशेब करून बघू. दुकानात दोन महिन्यांचे चौदा हजार. अकादमीसारख्या योजनेत विद्यावेतनातून मेस आणि किरकोळ खर्च वजा जाता हातात किती राहील, ते जाहिरातीतला आकडा घेऊन आईबाबांसमोर कागदावर मांड. कदाचित कमी राहील, पण रिकाम्या हातानं येणार नाहीस. ज्या ठिकाणी विद्यावेतन नाही तिथे जाऊ नकोस, निदान पहिल्या वेळी तरी नाही. आणि जिथे तुझ्याकडूनच फी मागतात, 'पाच हजारांत इंटर्नशिप आणि सर्टिफिकेट', तिकडे तर फिरकूही नकोस.

आता पत्र. अर्जाला प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. माझ्या वर्गात ऐंशी मुलं होती, सरांना माझं नाव माहीत नव्हतं. मी एका पानावर रोल नंबर, सगळ्या सेमिस्टरचे मार्क आणि प्रॅक्टिकलमध्ये मला न सुटलेली एक शंका असं लिहून नेलं. सरांनी ती शंका वाचली आणि खुर्ची दाखवली. पत्र त्या शंकेमुळे मिळालं. तूही ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा. दिवाळी त्याच सुमारास येते आणि तुझ्या दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नसेल, म्हणून अर्जाचा कच्चा मसुदा नवरात्रातच तयार ठेव. गरब्याला एक दिवस कमी गेलीस तरी चालेल.

आणि तो मसुदा. 'मला संशोधनात का रस आहे' यावर अडीचशे शब्दांच्या आसपास लिहायचं असतं. बहुतेक मुलं लिहितात, 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.' हे वाक्य तू लिहू नकोस. तू कापडाच्या दुकानात उभी असतेस. गिऱ्हाईक बांधणी हातात घेऊन विचारतं ना, "रंग जाणार नाही ना?" कुठला रंग पहिल्या धुण्यात जातो, कुठला वर्षानुवर्षं तसाच राहतो, तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलं आहेस. सुती कापडावर एक रंग धरतो आणि दुसरा का धरत नाही, हा रंगाच्या रेणूचा आणि धाग्यातल्या सेल्युलोजचा प्रश्न आहे, अस्सल केमिस्ट्रीचा. तो लिही. ज्या शास्त्रज्ञाकडे शेकडो अर्ज येतात, त्याच्या डोळ्यात तुझा अर्ज भरेल तो या चार ओळींमुळे.

मला लॅबमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवलं सांगते, मिश्रणातली रसायनं वेगळी करून बघायची साधी पद्धत. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ पांढरा थर. खालून एक सेंटीमीटरवर रेघ मारायची, केसाएवढ्या नळीनं रेघेवर थेंब ठेवायचा, आणि पट्टी द्रावणात उभी करायची. मी पेनानं रेघ मारली. द्रावण वर चढलं तशी माझी निळी रेघही वर चढली, फुटली, त्याचे तीन रंग झाले, आणि माझा नमुना त्या शाईत हरवून गेला. ताई म्हणाली, "पेन्सिल वापर, शिसं विरघळत नाही." मग दुसरी पट्टी केली, अंधाऱ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरली, आणि हिरव्या उजेडात माझे दोन काळे ठिपके एकमेकांपासून वेगळे दिसले. पुस्तकात ही आकृती मी दहा वेळा काढली होती. पण ते ठिपके माझे होते. त्या दिवसापासून 'केमिस्ट्री करते' असं मी म्हणायला लागले, त्याआधी 'केमिस्ट्री शिकते' म्हणायचे.

७१ टक्क्यांची काळजी करतेस ते कळतं. काही योजनांमध्ये किमान गुणांची अट असते, ती बघून घे, बसत असशील तर पुढचं तू ठरवू नकोस, त्यांना ठरवू दे. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसू नकोस, चार-पाच ठिकाणी कर. शिवाय भावनगरला मीठ आणि समुद्री रसायनांवर काम करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, सीएसएमसीआरआय, तिथल्या शास्त्रज्ञांना स्वतःहून मेल लिहून बघ. दहा मेल गेले की एखादं उत्तर येतं. पण तिथेही विद्यावेतनाचं आधी विचार.

किरकोळ कामं राहिली: बँकेचं खातं तुझ्या स्वतःच्या नावावर असू दे, आधार जोडलेलं. कॉलेजचं बोनाफाइड आणि विभागप्रमुखांचं ना हरकत पत्र आधीच काढून ठेव. सेमिस्टरची परीक्षा मे महिन्यात लांबली तर मार्गदर्शकांना लिहून आठवडाभर उशिरा येण्याची परवानगी घे, बहुतेक जण देतात. आणि रेल्वेची दोन्ही तिकिटं जपून ठेव, जातानाचं आणि येतानाचं, भाडं परत मागताना तीच लागतात.

मसुदा झाला की इथेच खाली टाक, मी वाचून दुरुस्त करून देईन. आईबाबांना मुलीला एकटीनं पाठवायची धास्ती वाटत असेल तर तसंही सांग. माझी आई बोलेल तुझ्या आईशी. तिला चार हजार उसने काढल्यापासून ते कॉट मिळाल्याचा फोन येईपर्यंतचा एकेक दिवस आठवतो.