वाचकांचे प्रश्न : गच्चीवर कोणता अँटेना लावू?

प्रश्न : नमस्कार. मी इचलकरंजीचा. हॅमची (हौशी रेडिओची) परीक्षा पास झालो, व्हीयू३ कॉल साइन (स्टेशनचं ओळखनाव) आलाय, १०० वॅटचा जुना एचएफ (शॉर्टवेव्हचा) सेट घेतलाय (पॉवर ५० वर ठेवतो). तीन मजली बिल्डिंगची गच्ची आहे, १२ मीटर बाय ९ मीटर, मधोमध पाण्याची टाकी. कोणी म्हणतं व्हर्टिकल (एकच उभा दांडा) लाव, कोणी म्हणतं यागीशिवाय (आडव्या दांड्यांचा, एका दिशेला रोखायचा अँटेना) मजा नाही. पैसे एकदाच घालता येतील, म्हणून विचारतोय.

उत्तर : आधी अभिनंदन! आणि एकदाच पैसे घालायचे असतील तर ते वायरमध्ये घाला. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधोमध उंच बांधून दोन्ही बाजू खाली उतरवलेली वायर, एवढंच. यागी आत्ता नको, २० मीटर बँडच्या यागीलासुद्धा साधारण १० मीटर लांब दांड्या लागतात, वर रोटर (तो फिरवणारी मोटर), ताण द्यायच्या तारा, आणि सोसायटीत नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात एवढं सगळं उभं केलं की परवानगीचा विषय निघतोच. व्हर्टिकल जागा कमी खातो हे खरं, पण त्याला खाली चहूबाजूंना रेडियल तारा पसराव्या लागतात, आणि शहरात एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर यांचा जो खरखराट असतो तो व्हर्टिकलवर जास्त ऐकू येतो. तुमच्या गावात लूमही आहेत, त्यामुळे हा मुद्दा मला मोठा वाटतो. समोरचा ऐकूच आला नाही तर आपल्या वॅटचा काय उपयोग.

आता हिशोब. अर्ध्या तरंगाच्या डायपोलची (मध्यावर केबल जोडलेली दोन बाजूंची वायर, इन्व्हर्टेड व्ही हा त्याचाच प्रकार) लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.१ ला येते साधारण २०.१, म्हणजे एक बाजू १० मीटर. तुमच्या गच्चीचा कर्ण १५ मीटर, मग एवढी वायर बसणार कुठे? टाकीजवळ ७ मीटरचा बांबू किंवा पाइप उभा करा, तिथून दोन्ही बाजू समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे उतरवा, कोपऱ्यात पीव्हीसी पाइपवर अडीच मीटर उंचीला टोक. असं केलं की एका बाजूची पावणेनऊ मीटर वायर सरळ जाते, उरलेली सव्वा मीटरभर तिथून तशाच उंचीवर कठड्याला समांतर वळवा. टोक वळल्याने फार काही बिघडत नाही कारण करंट जास्त असतो तो मध्यावर. टोकाला मात्र व्होल्टेज चढलेलं असतं, तिथे कोणाचा हात पोचता कामा नये, गच्चीवर मुलं येतात, कपडे वाळत घालतात.

वायर साधी घरगुती वायरिंगची चालते. सुरुवातीला प्रत्येक बाजू १०.५ मीटर कापा आणि मग मोजत मोजत कमी करा. समजा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, कमी तितकं बरं) सगळ्यात कमी ६.८ मेगाहर्ट्झला मिळाला तर १०.५ गुणिले ६.८ भागिले ७.१, म्हणजे साधारण १०.०६ मीटर हवी. एकदम कापू नका, टोक दुमडून बघा, पुन्हा मोजा, मगच कात्री. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) कोणाकडून उसना मिळाला तर हे काम तासाभरात होतं. वर जोडणीपाशी कोॲक्सचे (सेटकडे जाणाऱ्या केबलचे) १०-१२ वेढे फेराइट रिंगवर घाला, नाहीतर केबलची बाहेरची जाळीच अँटेना होऊन बसते आणि घरातला सगळा आवाज सेटमध्ये घेऊन येते.

या उंचीवर ४० मीटरचा सिग्नल बराचसा वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली येतो, म्हणून दिवसा तीन-चारशे किलोमीटरच्या आतली स्टेशनं छान मिळतात, पुणे, सोलापूर, गोवा. रात्री जवळची गायब होतात आणि लांबची येतात, त्याला अँटेनाचा दोष समजू नका. हीच वायर १५ मीटर बँडवरही ट्यूनरच्या (सेट आणि अँटेना जुळवणाऱ्या पेटीच्या) मदतीने चालते.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो, वरचा जोड पाण्यापासून सांभाळा. माझा पहिल्या पावसाळ्यात एसडब्ल्यूआर १.३ वरून ३ वर गेला, महिनाभर मी वायर कमी-जास्त करत बसलो, शेवटी केबल सोलली तर दोन मीटरपर्यंत जाळी काळी पडलेली. सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोल सोडा म्हणजे पाणी तिथेच गळून जातं. वळवाचे ढग दिसले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर, फक्त सेट बंद केल्याने वीज थांबत नाही. आणि जवळून ११ केव्हीची लाइन जात असेल तर मास्ट (मधला बांबू किंवा पाइप) आडवा पडला तरी तिथे पोचणार नाही अशीच जागा निवडा, यात तडजोड नाही.

प्रश्न : माझ्याकडे फक्त २ मीटरचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट आहे, नाशिकमध्ये फ्लॅटच्या बाल्कनीतून रिपीटर (आपला सिग्नल पुढे पाठवणारं उंचावरचं स्टेशन) लागत नाही. जास्त पॉवरचा सेट घेऊ का?

उत्तर : नको. आधी क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन बनवा, एका सॉकेटवर ४९ सेंटिमीटरची एक तार उभी आणि चार तारा ४५ अंशात खाली वाकवलेल्या, वाकवल्याने ती सेटला आणि केबलला हव्या असलेल्या ५० ओहमच्या जवळ येते. बाल्कनीत नाही, गच्चीवर. फक्त तिथे बारीक आरजी-५८ केबल ३० मीटर टाकलीत तर १४५ मेगाहर्ट्झवर पाऊण पॉवर केबलमध्येच जाईल, जाड आरजी-२१३ घ्या. अँटेना तीनशेचा आणि केबल त्याच्या कितीतरी पट महाग, हे विचित्र वाटेल, पण पैसे तिथेच घाला.