पहिलीच्या मुलांना झाडं 'बघायला' शिकवताना

ताई, एवढ्याशा मुलांना नुसतं 'निरीक्षण करा' म्हणून भागत नाही. हातात दोन पानं द्या, एक जास्वंदीचं, एक गवताचं, आणि उजेडासमोर धरायला लावा. जास्वंदीत शिरांची जाळी दिसते, गवतात त्या शेजारी-शेजारी सरळ जातात. आधी 'सारखं काय?' ते विचारा. फरक मुलं न विचारताही सांगतात. 'समांतर' वगैरे शब्दांची घाई नको. कुणी 'यात रस्ते आहेत' म्हणालं, तर फळ्यावर तेच लिहा.

मग एका कुंडीत अख्खे मूग आणि देशी हरभरे शेजारी पेरा. दोन्ही द्विदल, म्हणजे दाण्याचे दोन भाग (दळं) होणारे, पण मूग आपली दोन्ही दळं मातीबाहेर वर घेऊन येतो, हरभऱ्याची खालीच राहतात. 'दाणा गेला कुठे?' यावरून वर्गात हमखास वाद जुंपतो. तो लगेच मिटवू नका, एकेक रोप अलगद उपटून बघू द्या. उंचीसाठी पट्टी कशाला? रोज रोपाएवढा दोरा कापून वहीत ओळीनं चिकटवला की झाला आलेख. चित्र मात्र समोरच्याच पानाचं हवं, किडीनं पाडलेल्या भोकासकट. (छापील चित्रात रंग भरणं म्हणजे निरीक्षण नव्हे, हे माझं ठाम मत.)

चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात, ते घरी बघायला सांगा.

बाहेर नेण्याआधी परिसर स्वतः फिरून या. कण्हेर विषारी, रुईचा चीक डोळ्यांना घातक, आणि खाजकुइली असेल तर तिकडे फिरकूच नका. परतल्यावर सगळ्यांचे हात साबणानं धुवून घ्या.